सायकलवरचे पाय

पौष महिना होता. अजून उजाडले नव्हते. नागपूरच्या काटोल नाक्याजवळ एका चहाच्या टपरीवर आम्ही उभे होतो. टपरीपुढे शेकोटी पेटली होती. संत्र्यांच्या मोडक्या पेट्यांच्या फळ्या त्यात जळत होत्या.

तेवढ्यात एक सायकल आली. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकलेले. चालवणारे काका पन्नाशीचे. अंगात नुसता सदरा, गळ्यात दुपट्टा, पायांत रबरी चपला. काटोल रस्त्यावरच्या एका गावाहून ते १६ किलोमीटर सायकल मारीत आले होते. काका उतरले आणि त्यांचा तोल गेला. आम्ही हात दिला म्हणून कॅन सांडले नाहीत.

“पाय कुठी टेकला तेच समजलं नाही जी,” काका म्हणाले. “दगडावानी झाले पाय.”

ते शेकोटीजवळ जाऊन बसले. दोन्ही पाय त्यांनी जाळापुढे धरले. आम्ही विचारले, “काका, एवढ्या थंडीत चपला? जोडे का नाही घालत?”

“जोडे हायेत न जी घरी. पन जोडे घातले का पाय जास्तच गारठते.”

आम्हांला हसू आले. जोड्याने पाय गार पडतो, हे कधी कोणी ऐकले आहे? आम्ही चहा मागवला. गप्पा सुरू झाल्या. दुधाचा भाव निघाला, म्हशीचे दुखणे निघाले. आणि एकदम रबर जळल्याचा वास आला. पाहतो तो काकांच्या डाव्या चपलेची कड वितळत होती. अंगठ्याजवळची कातडी पांढरी पडली होती. काका मात्र आमच्याकडे पाहून बोलतच होते. त्यांना पत्ताच नव्हता!

संध्याकाळपर्यंत तिथे मोठा फोड आला. काकांचे दहा दिवस घरात गेले. तेवढे दिवस दूध त्यांच्या मुलाने नेले. त्याची त्या दिवसांची मजुरी बुडाली.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. म्हणून थंडीने पायाला काय होणार, असे आपण समजतो. नागपूरचा माणूस उन्हाळ्याला भितो. मे महिन्यात डोक्याला पांढरे फडके बांधल्याशिवाय तो बाहेर पडत नाही. थंडी दोन महिन्यांची पाहुणी, तिच्यासाठी कोण खर्च करतो? पण ही पाहुणी कधी कधी फार कडक येते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. बर्फ शून्य अंशाला होतो. म्हणजे बर्फाला साडेतीनच अंश कमी पडले.

मुंबईला असे होत नाही. तिथे समुद्र जवळ आहे. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. त्याची ऊब मुंबईला मिळते. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन रात्रभर आपली ऊब वर सोडून देते. अंगावरचे पांघरूण काढून टाकावे, तसे होते. रात्रभर ऊब जात राहते, म्हणून सर्वांत जास्त गारठा मध्यरात्री नसतो, सूर्य उगवायच्या वेळी असतो. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो. आणि नेमके त्याच वेळी दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारी पोरे, हिंगण्याच्या आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे कामगार रस्त्यावर असतात. आता बरेच जण मोटारसायकलीवर जातात. त्यांचे पायही याच वाऱ्यात असतात. पण सायकल अजून गेलेली नाही.

सायकल चालवताना अंगाला घाम येतो. मग पायच का गारठतात? पायडल तर पायच मारतात!

नीट पाहा. काम मांड्या करतात, पोटऱ्या करतात. पावले नुसती पायडलवर ठेवलेली असतात. पायी चालताना पाऊल वाकते, बोटे दबतात, सुटतात. सायकलवर बोटे तासभर जागची हलत नाहीत. शिवाय बोटांत मांस थोडे. त्यांना ऊब मिळते ती रक्ताची.

आणि हे रक्तही थंडीत पुरते मिळत नाही. मौद्याकडच्या शेतकऱ्याला हे लवकर कळेल, कारण त्याने पेंचच्या कालव्याचे पाणी पाहिले आहे. कालव्याला पाणी कमी आले, की वरच्या वावरांचे भागते आणि पाटचारीच्या शेवटच्या टोकाचे वावर कोरडे राहते. शरीराचेही तसेच आहे. अंग गार पडू लागले, की शरीर आधी काळीज, फुप्फुसे, मेंदू सांभाळते. हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडतात. रक्त आतल्या आत फिरते. पायाची बोटे म्हणजे शेवटच्या टोकाचे वावर. त्यांची पाळी येतच नाही.

म्हणून पाय उबदार ठेवायचे तर सुरुवात पायापासून करू नका. आधी छाती झाका, कान झाका, गुडघे झाका. काकांनी नुसता सदरा घातला होता. त्यांनी आत एक बिनबाह्यांचा स्वेटर घातला असता, तर त्याची थोडी ऊब पायांच्या बोटांपर्यंत गेली असती. स्वेटर नसेल तर सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा. हसू नका. कागदाच्या थरांतून वारा आत शिरत नाही.

आता जोड्यांची गोष्ट. आठवड्याने आम्ही काकांच्या गावी गेलो. काका ओसरीवर बसले होते. पायाला पट्टी होती. आम्ही म्हटले, “ते जोडे दाखवा पाहू.”

काकूंनी जोडे आणून दिले. आत हात घातला तर जोडा ओलसर! काका दोन-दोन सुती मोजे चढवून तो घालीत. पायांना घाम येई. वाटेत पांदणीतल्या गवताचे दव लागे. घरी आल्यावर जोडा तसाच खाटेखाली जाई आणि दुसऱ्या पहाटे ओलाच पायांत. शिवाय जोडा होता बरोबर मापाचा. दोन मोजे घातले, की बोटे एकमेकांवर चढून बसत. त्यांतून जे थोडे रक्त यायचे, तेही अडत होते.

काका खरे बोलत होते. त्या जोड्यांत पाय जास्तच गारठत होते. आम्ही उगाच हसलो.

जोडा पायाला ऊब देत नाही. ऊब पायाची असते, जोडा ती फक्त जाऊ देत नाही. ती धरून ठेवते आत कोंडलेली हवा. जोड्यात जागा नसेल तर हवा नाही, आणि हवा नाही तर ऊब नाही. आणि जोडा ओला असेल तर हवेच्या जागी पाणी बसते. स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगाने ऊब ओढून नेते. हे तुम्ही स्वतः करून पाहू शकता. एका हातावर कोरडे फडके गुंडाळा, दुसऱ्यावर ओले. पहाटे सायकलवर गावाला एक फेरी मारा. कोणता हात आधी बधिर होतो, ते तुम्हीच सांगाल.

युरोप खंडाच्या अगदी उत्तरेला सामी नावाचे लोक राहतात. तिथे सहा-सहा महिने बर्फ असते. त्यांच्या जुन्या चालीत मोजे नव्हते. ते कातडी जोड्यांत वाळवलेले मऊ गवत भरीत. गवताच्या काड्यांमध्ये हवा राही आणि गवत घाम शोषून घेई. संध्याकाळी ते गवत बाहेर काढून सुकवीत आणि सकाळी पुन्हा भरीत. इतक्या थंडीतले लोक, पण जोड्याचे आतले रोज सुकवायला विसरत नसत.

आपल्याला गवत नको. आपल्या घरात घोंगडी आहे. जुनी, फाटकी, उंदराने कुरतडलेली घोंगडी फेकू नका. कागदावर पाऊल ठेवून त्याची आकृती काढा. तिच्या मापाने घोंगडीचे तुकडे कापा आणि जोड्यात तळाशी घाला. दोन जोड कापा. एक पायात, एक उन्हात. लोकर थोडी ओली झाली तरी तिच्या केसांमध्ये हवा राहते, म्हणून ती एकदम गार पडत नाही. सूत मात्र पाणी पिऊन अंगाला चिकटते. मोजेही जमले तर लोकरीचेच घ्या, आणि एकच घाला. दोन घालायचे असतील तर जोडा एक नंबर मोठा हवा. जोडा विकत घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभराच्या कामाने पाय थोडे फुगलेले असतात. मोजे बरोबर न्या. जोडा घालून दुकानातच बोटे हलवून पाहा. हलली नाहीत तर दुकानदार काहीही म्हणो, तो जोडा तुमचा नाही.

जोडा सुकवताना चुलीजवळ ठेवू नका. चामडे कडक होते आणि तडकते. रबर सुटते. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. ते ओल पितात. सकाळी काढून टाका. दुपारी जोडा उन्हात उघडा ठेवा. नागपूरकडचे हिवाळ्यातले दुपारचे ऊन फुकटचे आहे आणि चांगले आहे. आणि पायांत घालण्याआधी जोडा उलटा करून दोनदा आपटा. उबेला विंचूही येतो.

वारा ही दुसरी गोष्ट. झाडाचे पान हलत नसले तरी सायकलवर वारा लागतोच. तुम्ही ताशी १२ ते १५ किलोमीटर जाता, म्हणजे तेवढाच वारा समोरून पायांच्या बोटांवर येतो. त्यासाठी स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा घ्या. एक तोंड जोडे शिवणाऱ्याकडून शिवून घ्या. झाली टोपी. ती जोड्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर चढवा. वारा आणि दव दोन्ही अडते. टाच उघडी राहते, म्हणून घामही कोंडत नाही. काही जण मोज्यांवर दुधाची रिकामी पिशवी चढवतात. अर्धा तास ठीक आहे. पुढे आत घाम साचतो आणि पाऊल ओले होते. मग पहिल्यापेक्षा वाईट.

पाणी खालूनही येते. हिवाळ्यात आपल्याकडे कधी कधी अवकाळी पाऊस पडतो, गारा पडतात. त्यात संत्री गळतात, तूर भिजते. त्या नुकसानीपुढे पायांचे कोण बघतो? पण रस्ता ओला असला, की सायकलचे पुढचे चाक पाणी उडवते आणि ते थेट पावलांवर येते. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला रबराचा एक तुकडा टांगा. जमिनीपासून चार बोटे वर राहील इतका लांब ठेवा. पाणी त्याच्यावर आपटून खाली पडते. हे काम एका तारेचे आणि दहा मिनिटांचे आहे. सायकलला मडगार्डच नसेल तर आधी ते बसवा. दिसायला जड वाटते म्हणून पोरे ते काढून टाकतात. काय म्हणावे!

लोखंडी दातांचे पायडल पातळ चपलेतून पायाची ऊब ओढते. रबराचे पायडल बरे. पायजमा साखळीत अडकू नये म्हणून पुष्कळ जण पायाला ट्यूबचे रबर आवळून बांधतात. घट्ट बांधले तर रक्त तिथेच थांबते. पायजम्याची कड मोज्यात खोचा किंवा चिमटा लावा. आणि वाटेत चढ आला तर खाली उतरून शंभर पावले चाला. चढाला उतरण्यात कमीपणा नाही. चालले, की बोटांत रक्त फिरते.

ज्यांच्या पंपाला रात्रीची वीज मिळते, त्यांचे हाल निराळे. गव्हाला पाणी द्यायचे, घोट्यापर्यंत चिखलात उभे राहायचे, आणि तसेच ओल्या पायांनी सायकलवर घरी यायचे. त्यांनी गमबूट घालावेत. ते नसतील तर एक कोरडे फडके आणि कोरडे मोजे पिशवीत बांधून धुऱ्यावरच्या झाडाला टांगून ठेवावेत. निघताना पाय पुसावेत. बोटांच्या बेचक्याही पुसाव्यात. मग सायकलवर बसावे.

आता शेकोटीचे. काकांचा पाय का भाजला? थंडीने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. कातडी जळते तरी माणूस गप्पा मारतो. म्हणून बधिर पाय जाळापुढे धरू नये. निखाऱ्यावर नको, गरम विटेवर नको, चुलीच्या कडेलाही नको. आधी ओले मोजे काढावेत. पाय कोरडे करावेत. घोंगडीत गुंडाळून बसावे. बोटे हलवावीत. घरी असाल तर कोमट पाणी घ्यावे. पाणी किती गरम आहे ते पायाने पाहू नये, हाताच्या कोपराने पाहावे. लहान बाळाला न्हाऊ घालताना आई पाहते तसे. ऊब येऊ लागली, की मुंग्या येतात, थोडे दुखतेही. ते चांगले लक्षण आहे. रक्त परत येत असते.

काकांच्या पायांना मात्र मुंग्या आल्याच नाहीत. पट्टी बांधायला ते सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली आणि विचारले, “दुपारी उन्हात बसलात तरी पाय बधिर वाटतात का?”

काका म्हणाले, “वाटते न जी. दोन वर्षं झाले. मी म्हनलं थंडीनं.”

“उन्हाळ्यातसुद्धा थंडीनं?” बाईंनी विचारले. काका गप्प झाले.

रक्त तपासले. साखर वाढलेली निघाली. काकांना मधुमेह होता आणि त्यांना तो माहीत नव्हता. मधुमेह पुष्कळ वर्षे तसाच राहिला, तर पायांच्या नसा बिघडतात. काटा टोचलेला कळत नाही. जखम लवकर भरत नाही, चिघळते. कधी पाय कापण्याचीही पाळी येते. काका वेळेवर सापडले. एक जळकी चपल त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

पाय बधिर होण्याचे आणखी एक कारण आपल्या भागाला चांगले ठाऊक आहे, पण आपण त्याचे नाव घेत नाही. ते म्हणजे कुष्ठरोग. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये या रोग्यांची सेवा सुरू केली. पुढे वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. आज आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते. रोग पूर्ण बरा होतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर पीस फिरवलेले कळत नसेल, तर लपवू नका. दवाखाना गाठा. उशीर केला तर नसा दुबळ्या होतात, आणि गेलेली नस औषधाने परत येईलच असे नाही.

थंडीची बधिरता आणि रोगाची बधिरता ओळखायची खूण सोपी आहे. थंडीची बधिरता ऊब मिळाली, की अर्ध्या-पाऊण तासात जाते. जी दुपारीही राहते, ती थंडीची नव्हे.

रात्री निजण्याआधी पाय धुऊन पुसा. दिव्याजवळ बसून तळवे पाहा. स्वतःचा तळवा दिसत नसेल तर आरसा खाली ठेवा, नाहीतर घरातल्या कोणाला बघायला सांगा. भेगांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. बेचक्यांत तेल घालू नका. तिथे ओल राहते आणि चिखल्या होतात.

माघात काका पुन्हा नाक्यावर भेटले. अंगात मुलाचा जुना स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायांत एक नंबर मोठे कापडी जोडे आणि त्यांवर काळ्या ट्यूबच्या टोप्या. टपरीवाला त्या टोप्या पाहून हसत होता. काकांनी सायकल लावली. शेकोटीपासून चार हात लांब बाकड्यावर बसले आणि चहा मागितला, बिनसाखरेचा. आम्ही पायांचे विचारले.

“डाव्याचा अंगठा अजून तसाच हाय जी,” ते म्हणाले. “बाकीचे बोटं हालते.” मग त्यांनी टपरीवाल्याला जवळ बोलावले, त्याच्या उघड्या पायांतल्या चपलांकडे पाहिले आणि विचारले, “तुह्या दुकानात स्कूटरचा जुना ट्यूब हाय का रे?”